लोखंडाचं थिजणं, लोखंडाचं हलणं

पाऊस उघडला की मोहगावच्या शिवारात पांदणीच्या कडेला वाळूची एक बारीक काळी रेघ उरते. शाळेतला नालाच्या आकाराचा चुंबक त्या रेघेतून फिरवला, तर त्याच्या दोन्ही टोकांना काळ्या कणांचे झुपके चिकटून वर येतात. हे कण लोखंडाच्या ऑक्साइडचे, मॅग्नेटाइटचे. ते सुटतात दख्खनच्या काळ्या ट्रॅप दगडातून. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागा ज्या काळ्या मातीवर उभ्या आहेत, ती मातीही याच दगडाची झीज आहे. सौंसरच्या बाजूला या दगडाखालून त्याहून कितीतरी जुने, मँगनीज असलेले खडक वर डोकावतात. भूवैज्ञानिकांनी त्यांना सौंसरचंच नाव दिलं आहे.

हा काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होता. लाव्हा निवत गेला तशी त्यातल्या लोहकणांनी त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली, आणि ती आजवर सोडलेली नाही. शुद्ध मॅग्नेटाइट 580 अंश सेल्सिअसच्या खाली आलं की दिशा धरू लागतं. त्यात टायटॅनियम मिसळलेलं असेल तर आणखी निवावं लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ई. आर. डॉइच, सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडांतल्या या दिशा मोजल्या आणि 1959 साली त्या प्रसिद्ध केल्या. अशा मोजमापांतून उलगडलं की लाव्हा वाहत होता तेव्हा आपली ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास होती, आणि लाव्हाच्या कितीतरी थरांत उत्तर-दक्षिण ध्रुव आजच्या नेमके उलट नोंदले गेले आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलांला लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात दगड झालेली फळं आणि बिया सापडतात. ती फळं त्या काळचं रान सांगतात, भोवतालचा दगड त्या काळचा ध्रुव सांगतो.

चुंबकत्वाचा हा स्वभाव मला आधी नीट मांडायचा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबक असतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. स्पिन म्हणजे वर किंवा खाली तोंड केलेला एक बाण, असं समजायला हरकत नाही. बहुतेक पदार्थांत हे बाण एकमेकांना रद्द करतात. लोखंडात ते पुरते रद्द होत नाहीत, आणि तापमान पुरेसं उतरलं की कोट्यवधी अणूंचे उरलेले बाण एकमेकांच्या संगतीने एक रचना पत्करतात. ती रचना मग थिजते. कोट्यवधी वर्षं टिकणारी स्मृती या थिजण्यातूनच येते.

अतिवाहकतेचा स्वभाव याच्या अगदी विरुद्ध वाटतो. 1911 साली हॉलंडमधल्या लायडेन इथे कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा 4.2 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युत रोध एकाएकी नाहीसा झाला. 1933 साली माइसनर आणि ऑक्सनफेल्ड यांनी दाखवलं की असा पदार्थ आपल्या पोटातलं चुंबकीय क्षेत्रही बाहेर ढकलतो. या दोन्ही गोष्टींचा खुलासा बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी 1957 साली केला. अतिवाहकात इलेक्ट्रॉन एकेकटे फिरत नाहीत, त्यांच्या जोड्या बनतात. एकाचा बाण वर असेल तर दुसऱ्याचा खाली. ऋणभाराचे दोन इलेक्ट्रॉन खरं तर एकमेकांना लोटतात, पण स्फटिकाचं जालक त्यांच्यात मध्यस्थी करतं. एक इलेक्ट्रॉन गेला की आजूबाजूचे धनभारित अणू त्याच्याकडे किंचित सरकतात, आणि ते जागेवर परतण्याआधी दुसरा इलेक्ट्रॉन त्या ओढीचा लाभ घेतो. अशा असंख्य जोड्या एकाच तालात चालतात, म्हणून एखादीला अडवणं म्हणजे सगळ्यांना अडवणं, आणि ते जमत नाही. रोध उरत नाही तो यामुळे.

आता यात एखादा चुंबकीय अणू आणून ठेवला तर काय होईल? जोडीतले दोन बाण उलट दिशांना आहेत. चुंबकीय अणू एकाला आपल्याकडे वळवतो, दुसऱ्याला नाकारतो. जोडी तुटते. बर्न्ड मॅथियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल प्रयोगशाळेत लँथॅनम या अतिवाहक धातूत गॅडोलिनियमचे चुंबकीय अणू मिसळून पाहिले. शंभरात एखादा अणू मिसळला तरी अतिवाहकता जवळजवळ संपत होती. नवे अतिवाहक शोधणाऱ्यांनी यातून धडा घेतला तो असा: चुंबकत्वापासून लांब राहा, आणि लोखंडापासून सगळ्यांत लांब. 2001 साली जपानमध्ये शुद्ध लोखंड अतिवाहक करून दाखवलं गेलं खरं, पण त्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन लाख पट दाब द्यावा लागला. त्या दाबाखाली लोखंडाची स्फटिकरचना बदलते आणि त्याचं नेहमीचं चुंबकत्व जातं. म्हणजे त्या प्रयोगानेही जुना धडा मोडला नाही, उलट पक्काच केला.

या धड्याला छेद देणारी एक मोठी गोष्ट मात्र आपल्या मुंबईत घडली होती, आणि ती मराठी वाचकांपर्यंत हवी तशी पोहोचलेली नाही. कुलाब्याच्या टाटा संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, एस. के. धर, आर. विजयराघवन आणि त्यांच्यासोबत चंदन मझुमदार, झाकीर हुसेन हे तरुण संशोधक यिट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या मिश्रधातूंवर काम करत होते. 1993 साली त्यांना अशा एका नमुन्यात 12 केल्विनच्या आसपास अतिवाहकतेची पुसट खूण दिसली. पुसट, म्हणजे नमुन्याचा थोडासाच भाग अतिवाहक होत असावा. अशी खूण पाहून कुठलीतरी भेसळ असेल म्हणत पुढे जाणं सोपं असतं. त्यांनी तसं केलं नाही. मिश्रणात थोडा कार्बन घातला, आणि पुसट खूण ठसठशीत झाली. 1994 च्या आरंभी हा शोध फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने या संयुगांचं नेमकं सूत्र आणि रचना उलगडली: एक भाग यिट्रियम, दोन भाग निकेल, दोन भाग बोरॉन, एक भाग कार्बन. या कुळाला बोरोकार्बाइड म्हणतात.

रचना थरांची आहे. निकेल आणि बोरॉनचा एक थर, त्यावर यिट्रियम आणि कार्बनचा थर, पुन्हा निकेल आणि बोरॉनचा. वीज वाहून नेण्याचं आणि जोड्या बनवण्याचं मोठं काम निकेलच्या थराकडे. हे निकेल इथे चुंबकीय नसतं. यिट्रियमच्या जागी मात्र होल्मियम, एर्बियम, डिस्प्रोसियम अशी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं बसवता येतात, आणि ती जबरदस्त चुंबकीय असतात. मॅथियासच्या धड्यानुसार तिथे अतिवाहकता उरायलाच नको. पण ती उरते. थुलियम घातलं तर 11 केल्विनपर्यंत, एर्बियम घातलं तर साधारण साडेदहापर्यंत, होल्मियमला आठपर्यंत, डिस्प्रोसियमला सहापर्यंत. डिस्प्रोसियमच्या संयुगात तर दहा केल्विनच्या आसपासच चुंबकीय रचना थिजलेली असते आणि अतिवाहकता तिच्या आत, तिच्यानंतर जन्म घेते. गॅडोलिनियम घातलं की मात्र अतिवाहकता साफ जाते.

होल्मियमच्या संयुगापाशी थोडं थांबायला हवं. ते आठ केल्विनला अतिवाहक होतं. सहा केल्विनच्या खाली होल्मियमचे बाण एक मळसूत्री रचना धरू लागतात, आणि लगेच अतिवाहकता अशक्त होते. पाच केल्विनच्या जवळ थोडंसं चुंबकीय क्षेत्र लावलं तर गेलेला रोध परत येतो. आणखी थंड करा. बाणांची मळसूत्री रचना मोडते आणि सरळ मांडणी येते: एका पातळीतले सगळे बाण एकीकडे, वरच्या पातळीतले उलटीकडे. मग अतिवाहकता पुन्हा उभी राहते! कारण इलेक्ट्रॉनांची जोडी एका अणूएवढी छोटी नसते. ती कितीतरी पातळ्यांवर पसरलेली असते आणि तिला उलटसुलट बाणांची बेरीजच जाणवते. ती बेरीज शून्य झाली की जोडीला जाच उरत नाही. बाण किती मोठे यापेक्षा ते कसे मांडलेले आहेत हे जास्त मोलाचं, ही गोष्ट या स्फटिकाने इतक्या स्वच्छपणे दाखवली की पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला मी सगळ्यांत आधी तीच दाखवीन. चुंबकत्वाने अतिवाहकता मध्येच हिरावून घेण्याचा प्रकार याआधी 1977 साली एर्बियम-ऱ्होडियम-बोरॉनच्या संयुगात दिसला होता. बोरोकार्बाइडांनी मात्र एकाच रचनेत मूलद्रव्यं बदलत नेऊन हा संबंध पायरीपायरीने वाचायची सोय करून दिली.

तरीही इथे चुंबकत्व आणि अतिवाहकता यांचा संबंध एकाच घरातल्या दोन बिऱ्हाडांचाच राहतो. चुंबकत्व होल्मियमच्या थरात, अणूच्या आत खोलवर असलेल्या इलेक्ट्रॉनांचं. अतिवाहकता निकेलच्या थरात, मोकळ्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची. चुंबकत्व जितकं कमी त्रास देईल तितकी अतिवाहकता बरी राहते. मदत ते काहीच करत नाही. जोड्या जुळवण्याचं काम इथे जालकाची कंपनंच करतात.

खरा प्रश्न यापुढचा आहे. चुंबकत्व शेजारच्या थरात न राहता त्याच थरात आलं, वीज वाहणाऱ्या त्याच इलेक्ट्रॉनांत आलं, तर?

याचं उत्तर कुणी मुद्दाम शोधायला निघालं नव्हतं. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हिदेओ होसोनो यांचा गट पारदर्शक आणि चुंबकीय अर्धवाहकांच्या शोधात थरांची संयुगं तयार करत होता. 2006 साली त्यांना लँथॅनम, लोखंड, फॉस्फरस, ऑक्सिजन यांच्या संयुगात चार-पाच केल्विनला अतिवाहकता मिळाली. फारसं कुणी वळून पाहिलं नाही. फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक आणून ऑक्सिजनच्या काही जागा फ्लोरिनला दिल्या, तेव्हा ती 26 केल्विनवर पोहोचली. हा शोधनिबंध फेब्रुवारी 2008 मध्ये आला. मग मात्र धांदल उडाली. काही आठवड्यांतच चीनमधल्या प्रयोगशाळांनी लँथॅनमच्या जागी समेरियम आणून 55 केल्विन गाठलं. म्युनिकमध्ये रोटर, टेगेल आणि योहरेंट यांनी बेरियम-लोखंड-आर्सेनिकच्या संयुगात थोडं पोटॅशियम घालून 38 केल्विन मिळवलं. तैवानमध्ये लोखंड आणि सेलेनियम एवढ्या दोनच मूलद्रव्यांचं संयुग आठ केल्विनला अतिवाहक निघालं. लोखंडापासून लांब राहा म्हणणाऱ्या धड्याला पन्नास वर्षं झाली होती.

म्युनिकच्या बेरियम संयुगाची रचना पाहिली की मुंबईच्या संयुगाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. दोन्ही एकाच मूळ साच्याची आहेत. बोरोकार्बाइडात त्या साच्यात जास्तीचा कार्बन शिरलेला आहे इतकंच. कुलाब्याच्या संयुगात ज्या थरात निकेल बसलं होतं, तिथे इथे लोखंड बसलं आहे. जिथून वीज वाहते त्याच थरात.

काहीही न मिसळलेलं बेरियमचं मूळ संयुग अतिवाहक नसतं. ते चुंबकीय असतं. 140 केल्विनच्या आसपास त्यातल्या लोखंडाचे बाण एक ठरावीक मांडणी धरतात. न्यूट्रॉनांचा झोत स्फटिकावर सोडला की तो परतताना ही मांडणी सांगतो. न्यूट्रॉनलाही स्पिन असतो, म्हणून त्याला बाण कळतात. लँथॅनमच्या संयुगातली मांडणी क्लॅरिना दे ला क्रूझ, पेंगचेंग दाय आणि सहकाऱ्यांनी 2008 सालीच वाचली होती. ती डोळ्यांपुढे आणायला एक चौरस वावर घ्या. बैलजोडी एका तासाने उत्तरेला जाते, धुऱ्याशी वळते, शेजारच्या तासाने दक्षिणेला येते. एका तासात सगळी चाल एकाच दिशेची, शेजारच्या तासात नेमकी उलट. लोखंडाच्या थरातल्या अणूंच्या ओळी अशाच असतात: एका ओळीतल्या सगळ्यांचे बाण एकीकडे, पुढच्या ओळीतल्यांचे उलटीकडे. फरक एवढाच की बाण ओळीच्या दिशेने नसतात, ओळीला आडवे असतात. सगळ्यांची बेरीज शून्य, म्हणून या स्फटिकाला टाचणीही चिकटणार नाही. पण आत कडक शिस्त आहे.

वावर चौरस असेल तर तास उत्तर-दक्षिण धरा की पूर्व-पश्चिम, सारखंच. एकदा तास पडले की मात्र वावराच्या दोन दिशा सारख्या राहत नाहीत. स्फटिकातही तेच घडतं. उच्च तापमानाला लोखंडाची जाळी चौरस असते. ओळींची दिशा ठरली की ती एका अंगाने किंचित ताणली जाते, एका टक्क्याहूनही कमी, पण मोजता येईल इतकी. आणि लँथॅनमच्या संयुगात तर हे ताणलं जाणं 155 केल्विनला होतं, बाण मात्र 137 केल्विनला थिजतात. दिशा आधी ठरते, रचना नंतर पडते. मधल्या पट्ट्यात बाण थिजलेले नसतात, तरी ते कोणत्या ओळींनी थिजणार याचा कौल लागलेला असतो.

बाणांचा आकारही ध्यानात घ्यायला हवा. साध्या लोखंडात प्रत्येक अणूचं चुंबकत्व ज्या मापात 2.2 भरतं, त्याच मापात बेरियमच्या संयुगात ते 0.9 च्या जवळ, आणि लँथॅनमच्या संयुगात पहिल्या मोजमापाप्रमाणे 0.36. म्हणजे हे चुंबकत्व होल्मियमसारखं अणूच्या पोटात पक्कं रुतलेलं नाही. त्याचा मोठा वाटा फिरत्या इलेक्ट्रॉनांनी मिळून उभा केलेला आहे. वीजही तेच वाहतात.

आता ही शिस्त ढिली करायची. लोखंडाच्या दर शंभर अणूंपैकी सहा-सात अणूंच्या जागी कोबाल्ट घाला. थिजण्याचं तापमान 140 वरून झरझर उतरतं, आणि चुंबकत्व जवळजवळ संपतं तिथे अतिवाहकता पंचविशीच्या आसपास कळस गाठते. कोबाल्ट इलेक्ट्रॉन वाढवतं. उलट बेरियमच्या जागी पोटॅशियम घातलं तर इलेक्ट्रॉन कमी होतात, आणि तरीही चुंबकत्व सरतं, 38 केल्विनपर्यंत अतिवाहकता येते. आर्सेनिकच्या सुमारे तीस टक्के जागा फॉस्फरसला दिल्या, तर इलेक्ट्रॉनांच्या संख्येत काहीच घटबढ होत नाही, फक्त अणू जवळ येतात. तरी 30 केल्विन मिळतं. काहीही न मिसळता नुसता बाहेरून दाब दिला तरी तेच. इलेक्ट्रॉन वाढवा, घटवा किंवा तेवढेच ठेवा, सगळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. त्या ठिकाणाची खूण एकच: चुंबकीय रचना मोडकळीला आलेली असते. यावरून मला तरी असं स्पष्ट दिसतं की इथे अतिवाहकतेची किल्ली इलेक्ट्रॉनांच्या मोजणीत नाही, ती चुंबकत्वाच्या थिजण्या-न थिजण्यात आहे.

पण चुंबकत्व पुरतं मोडल्यावरच अतिवाहकता येते असंही नाही. मधे एक पट्टा असा आहे जिथे दोन्ही असतात, आणि या विषयातला माझ्या मते सगळ्यांत सुंदर प्रयोग त्या पट्ट्यातला आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एम्स प्रयोगशाळा आहे. तिथल्या पॉल कॅनफिल्ड यांच्या गटाने नव्वदच्या दशकात बोरोकार्बाइडांचे उत्तम एकस्फटिक वाढवले होते. 2008 नंतर तेच हात लोखंडाच्या संयुगांकडे वळले. 2009 साली एम्सच्या संशोधकांनी 4.7 टक्के कोबाल्ट असलेला स्फटिक न्यूट्रॉनांखाली थंड करत नेला. 47 केल्विनला बाण मांडणी धरू लागले. तापमान उतरत गेलं तशी मांडणी बळावत गेली. कुठलंही चुंबकत्व थंडीत असंच बळावतं. 17 केल्विनला स्फटिक अतिवाहक झाला. आणि त्या क्षणापासून बाण लहान होऊ लागले. थंडी वाढतेय, आणि चुंबकत्व माघार घेतंय. जालकाचं ते किंचित ताणलं जाणंही अतिवाहकता आल्यावर कमी होऊ लागतं, हेही याच कुळाच्या स्फटिकांत पुढच्या वर्षी दिसलं. कोबाल्टचं प्रमाण आणखी थोडं वाढवलं की थंड होताना आलेलं चुंबकत्व अतिवाहकता येताच पुरतं मावळतं.

होल्मियमच्या संयुगात असं कधी होत नाही. तिथे अतिवाहकता आली म्हणून होल्मियमचा बाण तसूभरही लहान होत नाही, कारण तो बाण वेगळ्या इलेक्ट्रॉनांचा आहे. एम्सच्या प्रयोगात बाण लहान झाला, कारण बाण उभा करणारे आणि जोड्या बनवणारे इलेक्ट्रॉन तेच आहेत. जोडीत गेलेला इलेक्ट्रॉन बाणाच्या मांडणीला तेवढा कमी पडतो. काही नमुन्यांत चुंबकीय भाग वेगळा आणि अतिवाहक भाग वेगळा असे डाग असतील, अशी शंका सुरुवातीला होती, आणि काही ओबडधोबड नमुन्यांबाबत ती खरीही होती. पण डाग नुसते शेजारी असतील तर एकाने दुसऱ्याला असं ओढून लहान का करावं? स्वच्छ स्फटिकांत दोघेही त्याच जागेत, त्याच इलेक्ट्रॉनांवर हक्क सांगत असतात.

इथवर चुंबकत्व हे स्पर्धक ठरलं. मग त्याच्या सीमेवरच अतिवाहकता का फुलते? नुसता स्पर्धक असता तर तो जितका लांब तितकं चांगलं असायला हवं होतं. कोबाल्ट वाढवत चुंबकत्वापासून आणखी दूर गेलं तर अतिवाहकताही उतरत उतरत संपून जाते.

उत्तर असं की रचना थिजायची थांबली म्हणजे चुंबकत्व संपलं असं नाही. बाण आता एका मांडणीत अडकून बसत नाहीत, पण त्याच मांडणीच्या लहरी क्षणभर उमटतात आणि विरतात. एखादा इलेक्ट्रॉन जाताना आपल्याभोवती उलट बाणांचा एक क्षणिक ठसा सोडतो. दुसऱ्या, उलट बाणाच्या इलेक्ट्रॉनला तो ठसा सोयीचा पडतो. जालकाची कंपनं जुन्या अतिवाहकांत जे काम करत होती, ते इथे चुंबकत्वाची थरथर करते. जालकाच्या कंपनांनी हे काम भागेल का याची आकडेमोड 2008 सालीच झाली, आणि लँथॅनमच्या संयुगात नुसत्या कंपनांच्या बळावर एक केल्विनही गाठता येत नाही असं निघालं. प्रत्यक्षात 26 मिळालं होतं.

या थरथरीत एक अडचण आहे, आणि तिची सोडवणूक फार बारकाईची आहे. चुंबकत्वाची ही देवघेव मुळात ओढ नाही, ती लोटणूक आहे. लोटणुकीतून जोडी कशी बनावी? इगोर माझिन, डेव्हिड सिंग आणि सहकाऱ्यांनी, आणि जपानमध्ये काझुहिको कुरोकी यांच्या गटाने 2008 सालीच वाट सुचवली. लोखंडाच्या या संयुगांत फिरते इलेक्ट्रॉन एकसारखे नसतात. वेगांच्या नकाशावर त्यांचे दोन वेगळे समूह असतात, एक नकाशाच्या मध्याशी, एक कडेशी. एका समूहातून दुसऱ्यात जायला जेवढी उडी लागते, ती नेमकी बाणांच्या त्या ओळींच्या मापाची असते. क्वांटम यामिकीत जोडीला एक चिन्ह असतं, धन किंवा ऋण. दोन्ही समूहांतल्या जोड्यांचं चिन्ह एकमेकांच्या उलट असेल, तर लोटणुकीचा परिणाम ओढीसारखा होतो. ऋण गुणिले ऋण धन होतं, त्यातलाच हा प्रकार. चुंबकीय रचनेने ज्या मापाने बाण उलटे केले होते, त्याच मापाने अतिवाहकता चिन्ह उलटं करते.

हे कागदावर ठीक, पण दिसतं का? त्याच वर्षी पोटॅशियम घातलेल्या, 38 केल्विनला अतिवाहक होणाऱ्या बेरियमच्या संयुगावर न्यूट्रॉन सोडले गेले. त्यात थिजलेल्या बाणांच्या ओळी नव्हत्या. पण त्याच ओळींच्या मापावर, 14 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जेशी, चुंबकत्वाची एक ठळक थरथर दिसली, आणि ती अतिवाहकता आल्यावरच वर उठली. गणित सांगतं की जोड्यांचं चिन्ह दोन समूहांत उलट असेल तरच अशी थरथर तिथे तीव्र होते. एम्सच्या प्रयोगात अतिवाहकता आल्यावर थिजलेलं चुंबकत्व घटलं होतं. इथे अतिवाहकता आल्यावर हलतं चुंबकत्व बळावलं.

सगळेच संशोधक या चित्रावर समाधानी नाहीत, आणि त्यांच्या हातात लोखंड-सेलेनियमचं साधं संयुग आहे. ते 90 केल्विनला एका अंगाने ताणलं जातं, म्हणजे दिशेचा कौल लागतो, पण बाण शेवटपर्यंत थिजतच नाहीत. आठ केल्विनला ते सरळ अतिवाहक होतं. त्यावर दाब दिला की बाण थिजू लागतात, आणि तरीही दाबासोबत अतिवाहकता 37 केल्विनपर्यंत चढते. काहींचं म्हणणं, इथे खरी मध्यस्थी दिशेच्या कौलाची आहे, बाणांची नाही. दुसरे म्हणतात की बाण थिजत नसले तरी त्यांची थरथर न्यूट्रॉनांना याही संयुगात दिसते, आणि दिशेचा कौल हाही त्या थरथरीचाच एक परिणाम आहे. मला दुसरी बाजू अधिक पटते. लोखंड-सेलेनियम मला अपवादापेक्षा पुरावाच वाटतं: अतिवाहकतेला थिजलेली रचना लागत नाही, ती थिजू पाहण्याची ओढ पुरते.

शेवटी युरोपियमचं संयुग घेऊ, कारण त्यात मुंबईची आणि टोकियोची गोष्ट एकाच स्फटिकात येऊन मिळते. बेरियमच्या जागी युरोपियम ठेवलं की दोन चुंबकत्वं एकत्र नांदतात. लोखंडाचे लहान बाण 190 केल्विनच्या आसपास ओळी धरतात, आणि युरोपियमचे बाण 19 केल्विनच्या आसपास थिजतात. युरोपियमचा एकेक बाण 7 मापाचा, लोखंडाच्या बाणाच्या कितीतरी पट मोठा. 2008 साली या संयुगात निम्म्या युरोपियमच्या जागी पोटॅशियम घातलं गेलं. ते करणाऱ्यांत जर्मनीतल्या संशोधकांसोबत आयआयटी कानपूरचे झाकीर हुसेन होते, कुलाब्याच्या 1994 च्या शोधनिबंधावर ज्यांचं नाव आहे तेच. लोखंडाची रचना मोडली, आणि स्फटिक 32 केल्विनला अतिवाहक झाला. उरलेल्या युरोपियमचे ते अवाढव्य बाण जागच्या जागी होते.

2016 साली याच्याही पुढचं संयुग तयार झालं: रुबिडियम, युरोपियम, लोखंड आणि आर्सेनिकचं. त्यात लोखंडाच्या प्रत्येक थराच्या एका बाजूला रुबिडियमचा थर असतो, दुसऱ्या बाजूला युरोपियमचा. ते 36.5 केल्विनला अतिवाहक होतं. पुढे 15 केल्विनला युरोपियमच्या प्रत्येक थरातले सगळे बाण एका दिशेला वळून थिजतात, लोखंडाच्या थराला अगदी खेटून, आणि लोखंडातून वीज रोधाविना वाहतच राहते.